पाय सह्याद्रीचे, हवा हिमालयाची

महाड तालुक्यातलं आंबवडे पंचक्रोशीत ‘फौजी आंबवडे’ म्हणूनच ओळखलं जातं. घरटी एक तरी माणूस सैन्यात, ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. महाड-पोलादपूरच्या डोंगराळ गावांतून मराठा लाईट इन्फंट्रीत, महार रेजिमेंटमध्ये भरती झालेल्या जवानांनी हिमालय पाहिला तो नेमणुकीवर. आज आपल्याकडची तरुण मंडळी पैसे भरून, नाव नोंदवून ज्या उंचीवर जातात, तिथे या गावांतल्या माणसांनी पहारे दिले आहेत. हिमालयातल्या ट्रेकविषयी लिहायला बसल्यावर मला सुरुवात इथूनच करावीशी वाटते. उंचीवर माणसाच्या शरीराचं काय होतं, याचं जे ज्ञान आज जगभर वापरलं जातं, त्यातला मोठा भाग भारतीय जवानांनी अंगावर काढलेल्या दुखण्यांमधून आलेला आहे.

१९६२च्या चीन युद्धाच्या काळात मैदानी मुलखातल्या तुकड्या घाईघाईने डोंगरात न्याव्या लागल्या. शरीराला सवय व्हायला वेळच नव्हता. धडधाकट, कवायतीत तयार झालेले तरुण डोकेदुखीने, उलट्यांनी, धापेने आडवे झाले. काहींच्या फुफ्फुसात पाणी साचलं, काहींच्या मेंदूला सूज आली. आय. सिंग आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी अशा १,९२५ जवानांच्या आजाराच्या नोंदी अभ्यासल्या आणि १९६९ साली त्यांचा निबंध ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. उंचीच्या आजारावरच्या वैद्यकीय लिखाणात त्या निबंधाचा आधार आजही घेतला जातो.

त्या अनुभवातून लष्कराने जी शिस्त घालून घेतली ती प्रत्येक ट्रेकरने पाठ करावी अशी आहे. साधारण २,७०० ते ३,६०० मीटरच्या पट्ट्यात जवानाला सहा दिवस ठेवतात. पहिले दोन दिवस नुसती विश्रांती, मग सपाटीवर चालणं, मग हलका चढ. त्यानंतर ४,५०० मीटरपर्यंत आणखी चार दिवस, आणि त्याच्या वर जायचं तर पुन्हा चार दिवस. म्हणजे चौदा दिवस केवळ हवेची ओळख करून घेण्यात जातात. आता मनालीजवळच्या हामटा पासच्या ट्रेकचा नेहमीचा आराखडा शेजारी ठेवून बघा. मनाली सुमारे दोन हजार मीटरवर. पहिला मुक्काम तीन हजारांच्या जरा वर, दुसरा बालू का घेरा इथे सुमारे ३,६०० मीटरवर, आणि तिसऱ्या दिवशी ४,२७० मीटरची खिंड. लष्कर ज्या उंचीसाठी आठवडाभराहून अधिक वेळ देतं, तिथे आपण घर सोडल्यापासून पाचव्या-सहाव्या दिवशी पोचलेले असतो. बहुतेक लोक हे निभावून नेतात, हे खरं. जवानासारखं ओझं, पहारा आणि दीर्घ मुक्काम ट्रेकरच्या वाट्याला येत नाही, खिंड ओलांडून तो लगेच खाली उतरतो, हेही खरं. पण ज्याला ते निभावत नाही त्याच्यासाठी त्या आराखड्यात एकही मोकळा दिवस नसतो.

महाडच्या माणसाला हे मुद्दाम सांगायला हवं. आपलं गाव समुद्राच्या पातळीपासून फार वर नाही; भरतीचं पाणी खाडीतून सावित्रीत चढत येतं आणि त्याच वेळी डोंगरात पाऊस झाला तर शहरात पाणी शिरतं, इतकं आपण सखल भागात राहतो. आपल्या छातीला सवय आहे ती दाट, दमट हवेची. हवेतल्या प्राणवायूचं प्रमाण उंचीवरही एकवीस टक्केच असतं. कमी होतो तो हवेचा दाब, आणि दाब कमी झाला की प्रत्येक श्वासात प्राणवायूही कमी येतो. ३,५०० मीटरवर, म्हणजे लेहच्या उंचीवर, समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के प्राणवायू मिळतो. ५,५०० मीटरवर निम्मा. शरीर यावर उपाय करतं: श्वास वाढवतं, नाडी वाढवतं, लघवीवाटे रक्तातला क्षार बाहेर टाकतं, आणि सावकाश तांबड्या पेशी वाढवतं. पहिल्या दोन गोष्टी काही तासांत होतात, तिसरीला काही दिवस लागतात, चौथीला आठवडे. या क्रमात घाई करण्याचा मार्ग अजून कुणाला सापडलेला नाही.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाची इथे एक वेगळीच अडचण होते. आपल्याला चढ ओळखीचा आहे. रायगडाच्या दीड हजाराच्या आसपास पायऱ्या न थांबता चढणारी पोरं पाचाडला पैशाला पासरी मिळतील. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतल्या बायका डोक्यावर भारा घेऊन जो डोंगर उतरतात, तो पाहून शहरी ट्रेकर तोंडात बोट घालतो. पण रायगडाची उंची सुमारे ८२० मीटर, प्रतापगडाची १,०८०च्या घरात, आणि महाराष्ट्रातल्या सह्याद्रीचं सर्वांत उंच टोक म्हणजे कळसूबाई १,६४६ मीटरवर संपतं. केदारकंठाचा ट्रेक जिथून सुरू होतो ते सांकरी गाव त्याहून उंचावर आहे! आपला सर्वांत अवघड घाट तुम्हाला चढाची तयारी देतो, उतरणीची देतो, निसरड्या कातळाची देतो; विरळ हवेची तो देऊच शकत नाही. उलट पायांत ताकद असली की माणूस पहिल्या दिवशी सगळ्यांच्या पुढे मुक्कामाला पोचतो, वर जाऊन फोटो काढतो, आणि रात्री डोकं धरून बसतो. उंचीचा आजार होणार की नाही हे व्यायामाच्या तयारीवरून कळत नाही. किती वेगाने वर गेलात आणि तुमच्या शरीराची जात काय, यावर ते ठरतं. १९६२ साली आजारी पडलेले जवान काही कमजोर नव्हते.

आजाराची ओळख इथे नीट मांडतो, कारण ती वेळेवर झाली तर जीव वाचतो. डोकेदुखी, आणि तिच्या जोडीला मळमळ, भूक मरणं, अंग गळून जाणं किंवा चक्कर, यांतलं काही असलं तर तो उंचीचा आजार आहे असंच धरून चालावं. ‘काल नीट झोप लागली नाही’, ‘जेवण बाधलं असेल’ असली कारणं शोधू नयेत. या अवस्थेत त्याच मुक्कामी थांबलं, पाणी-जेवण-विश्रांती घेतली, तर बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरं वाटतं. पुढच्या दोन गोष्टी मात्र थेट जिवावरच्या आहेत. बसलेल्या जागी धाप लागणं, कोरडा खोकला, ओठ-नखं निळसर पडणं, नंतर फेसाळ किंवा गुलाबी थुंकी: हे फुफ्फुसातलं पाणी. दुसरं म्हणजे माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, असंबद्ध बोलतो, स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येत नाही: ही मेंदूची सूज. टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालायला सांगावं. तोल जात असेल तर सकाळची वाट पाहायची नाही. दोन्हींवर पहिला उपाय एकच, रुग्णाला ताबडतोब खाली न्यायचं. प्राणवायूचं सिलिंडर, औषधं हे सगळं खाली नेता नेता किंवा खाली नेणं शक्यच नसेल तोवर वेळ काढण्यासाठी. कोविडपासून घरोघरी आलेलं बोटाला लावायचं यंत्र सोबत जरूर न्यावं, पण आकडा बरा आहे म्हणून झोकांड्या खाणाऱ्या माणसाला वर नेऊ नये. डायमॉक्स नावाने ओळखली जाणारी गोळी शरीराला लवकर जुळवून घ्यायला मदत करते; ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, आणि सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी तर ही गोष्ट त्यांना आवर्जून सांगावी.

आता गटाकडे येतो. हिमालयात मोठा लवाजमा न्यावा की मोजकी माणसं, हा वाद जुना आहे. १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेत सामान वाहायलाच साडेतीनशेच्या वर हमाल होते. त्याच्या एकोणीस वर्षं आधी, १९३४ साली, एरिक शिप्टन आणि बिल टिलमन हे दोघे गिर्यारोहक आंगथारके, पासांग आणि कुसांग या तीन शेर्पांना घेऊन ऋषिगंगेच्या घळीतून नंदादेवीच्या पायथ्याच्या त्या बंदिस्त खोऱ्यात पोचले. त्याआधीच्या अनुभवी लोकांना ती वाट सापडली नव्हती. पाच माणसांचा तो गट जिथे वाटेल तिथे थांबू शकत होता, वाट चुकली तर परत फिरू शकत होता, आणि निर्णय घ्यायला त्यांना सभा भरवावी लागत नव्हती. लहान गटाचं बळ यातच आहे, आणि नव्वद वर्षांनंतरही ते तसंच आहे.

महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाने हिमालय पहिल्यांदा पाहिला तो मात्र मोठ्या तुकड्यांमधून. युथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडियाच्या उन्हाळी मोहिमांनी, विशेषतः कसोलहून निघणाऱ्या सार पासच्या ट्रेकने, कित्येक पिढ्यांना बर्फ दाखवला. चाळीस-पन्नासांची तुकडी, रोज एक नवी, ठरलेले तळ, परवडणारं शुल्क. शिक्षक, बँकेतले कारकून, कॉलेजची मुलं यांच्यासाठी तो दरवाजा उघडला गेला नसता तर कोकणातल्या गावांत आज हिमालयाची एवढी ओढ दिसली नसती. ते ऋण मान्य करूनच म्हणतो की साडेतीन हजार मीटरच्या वर मुक्काम करायचा असेल, तर सहा ते दहा जणांचा गट बरा. पन्नास जणांच्या रांगेत रात्री कोण जेवलं नाही, हे म्होरक्याला कळत नाही. आठ जण एका तंबूत ताट घेऊन बसले की कळतं.

आणि कळणं हीच खरी अडचण आहे, कारण आपली माणसं सांगत नाहीत. बरोबरच्यांचा खोळंबा होईल, वर्षभर साठवलेले पैसे फुकट जातील, ‘रायगड चढतो म्हणून मिरवत होता, आता काय झालं’ असं कुणी म्हणेल, या भिडेपायी दुखणं लपवलं जातं. एकाच आळीतले, एकाच कंपनीतले मित्र मिळून गेले की भीड आणखी वाढते. महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्यांमध्ये काम करणाऱ्याला सलग दहा दिवस रजा मिळणंच मुश्कील. ती मिळाल्यावर दुसऱ्या मुक्कामावरून परत फिरायचं म्हणजे जिवावर येतं. हे मी समजू शकतो. म्हणूनच निघण्याआधी, गाडीत बसायच्याही आधी, सगळ्यांनी एकत्र बसून एक गोष्ट ठरवून घ्यावी. रोज संध्याकाळी आणि रोज सकाळी प्रत्येकाने स्वतःची तब्येत मोठ्याने सांगायची: डोकं दुखतं का, भूक आहे का, रात्री झोपेत श्वास अडकल्यासारखा होऊन जाग आली का. (उंचीवर झोपेत श्वास मध्येच थांबून पुन्हा जोरात सुरू होतो, ते बऱ्याच जणांना होतं आणि तेवढ्याने घाबरण्यासारखं नाही.) कुणीही ‘मी उतरतो’ म्हटलं की त्यावर कुणी टोमणा मारायचा नाही, समजूत घालायची नाही. हा ठराव घरी झाला तरच वर टिकतो.

लहान गटाची दुसरी बाजू फारसं कुणी सांगत नाही. आठ जणांबरोबर एकच गाइड असेल आणि रात्री एकाला खाली न्यायची वेळ आली, तर उरलेल्या सात जणांचं काय? गाइड खाली गेला तर वरचे पोरके, न गेला तर आजारी माणूस पोरका. त्यामुळे गट लहान असला तरी वाट माहीत असलेली किमान दोन माणसं हवीतच, आणि त्याशिवाय खेचरवाले किंवा भारवाहक, ज्यांच्या खांद्यावर माणूस नेता येईल. पोलादपूर तालुक्यातल्या डोंगरातल्या वाड्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. रस्ता नाही तिथून बाळंतीण किंवा साप चावलेला माणूस डोलीत घालून उतरवायला किती खांदे लागतात, ते किती वेळा बदलावे लागतात, अंधारात पुढे बत्ती घेऊन कोण चालतो, हे त्या वाड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेलं आहे. २८ जुलै २०१८ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली आणि एकच जण वाचला. तेव्हा पावसात, धुक्यात, दोरावरून त्या दरीत उतरले ते आसपासचे गावकरी आणि महाबळेश्वरचे ट्रेकर्स. माणूस वर आणणं किंवा खाली नेणं किती जड काम आहे हे या खोऱ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? संयोजकाने ‘आमच्याकडे सगळी सोय आहे’ म्हटल्यावर गप्प बसू नये. स्ट्रेचर आहे का, सिलिंडर किती, किती तास पुरेल, शेवटच्या मुक्कामावरून गाडीरस्ता किती तासांवर, फोनची रेंज कुठे आहे, कुठे नाही, जवळचं रुग्णालय कोणत्या गावात, हे एकेक करून विचारावं. ज्याला हे ठाऊक असतं तो न चिडता सांगतो.

आराखडा हातात आला की आधी मुक्कामांची उंची तपासावी. दिवसभरात किती चढलो याला फार महत्त्व नाही. झोपतो कुठे याला आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर एका रात्रीतून दुसऱ्या रात्रीत पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढ नको, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम न हलवता काढावा, असं उंचीवरच्या वैद्यकाचं आजचं मत आहे. दिवसा थोडं वर फिरून यावं, रात्री खाली येऊन झोपावं. एव्हरेस्टच्या पायथ्याच्या ट्रेकमध्ये नामचे बाजारला ३,४४० मीटरवर आणि दिंगबोचेला ४,४१० मीटरवर दोन-दोन रात्री राहतात त्या यासाठीच. पहिल्यांदाच जाणाऱ्याने ३,८१० मीटरच्या केदारकंठासारखा किंवा ३,६३६ मीटरच्या संदकफूसारखा ट्रेक निवडावा असं मला वाटतं. तिथे तुमचं शरीर उंचीला कसं वागतं ते समजतं. पाच हजारांच्या वरचं पुढच्या वर्षी.

हवामानाकडे कोकणच्या माणसाने आपल्या नजरेने पाहावं. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, त्याची झळ महाडपर्यंत पोचली. वादळाचा इशारा म्हणजे काय हे आपल्याला कळतं. पण बंगालच्या उपसागरातलं वादळ हिमालयात माणसं मारतं, हे थोड्यांना ठाऊक असतं. १२ ऑक्टोबर २०१४ला हुदहुद वादळ विशाखापट्टणमला आदळलं. त्याचे उरलेले ढग उत्तरेला सरकले आणि दोन दिवसांनी, १४ तारखेला, नेपाळमध्ये अन्नपूर्णा परिसरात थोरोंग ला या ५,४१६ मीटरच्या खिंडीभोवती प्रचंड बर्फ कोसळला. ट्रेकर्स, गाइड, भारवाहक, याक राखणारे अशी ४३ माणसं त्या भागात गेली. ऑक्टोबर हा हिमालयातला सर्वांत स्वच्छ महिना मानला जातो, त्या महिन्यात हे घडलं. त्या दिवशी खाली थांबलेले लोक वाचले.

जून २०२४ची उत्तराखंडातली सहस्रतालची घटना अजून ताजी आहे. बावीस जणांचा चमू होता, बहुतेक कर्नाटकातले, एक महाराष्ट्रातला, आणि सोबत तीन स्थानिक गाइड. तलावाकडून परतताना हवामान फिरलं, बर्फाचं वादळ सुटलं, मुक्काम गाठता आला नाही आणि उघड्यावर रात्र काढावी लागली. नऊ जण थंडीने गेले. तेरा जणांना हवाई दल आणि राज्य आपत्ती दलाने सोडवलं. या घटनेत दोष कुणाचा यावर मी इथे बोलणार नाही. बावीस जणांची रांग वादळात सापडली की सर्वांत हळू चालणाऱ्याच्या वेगाने सगळेच हळू होतात, किंवा रांग तुटते, दोन्ही वाईट. सहा जण एकमेकांना चिकटून एका कातळाआड बसू शकतात. आणि पाठीवरच्या सॅकमध्ये, खेचरावर चढवलेल्या बोचक्यात नव्हे, प्रत्येकाच्या जवळ उबदार जाकीट, पावसाचा कोट, कोरडे मोजे, डोक्याला लावायची बॅटरी आणि काहीतरी खायला असलंच पाहिजे. आपण दमट उकाड्यातली माणसं. मे महिन्यात महाडहून निघताना लोकरीची टोपी सॅकमध्ये भरायला हात धजत नाही. भरावी.

तयारी मात्र घरच्या अंगणात होते, आणि इथे आपण नशीबवान आहोत. दिवाळीनंतरच्या थंडीत आठवड्यातून एकदा रायगड चढावा, रोपवे विसरावा. सुरुवातीला रिकाम्या हाताने, मग पाठीवर सात-आठ किलो घेऊन. गती अशी ठेवावी की शेजारच्याशी बोलता येईल. हिमालयात हीच गती लागते. धावत चढण्याची सवय झाली असेल तर ती इथेच मोडून घ्यावी. उतरताना गुडघ्यांकडे लक्ष द्यावं, कारण खिंडीपलीकडची उतरण चढणीपेक्षा जास्त माणसांना लंगडायला लावते. नंतर एकदा पोलादपूर तालुक्यातल्या ढवळ्याहून चंद्रगड करून ढवळे घाटाने मढीमहालला, म्हणजे महाबळेश्वरच्या आर्थर सीटला, पोचावं. हजार मीटरहून अधिक चढाई, रान दाट, पाणी मोजक्या जागी, वाट फसवी. ढवळ्यातला वाटाड्या घेतल्याशिवाय जाऊ नये. दिवसभर चालून संध्याकाळी अंगात किती उरतं, पायाला कुठे फोड येतात, बूट चावतात का, भूक लागल्यावर आपला स्वभाव कसा होतो, हे सगळं त्या एका दिवसात समजतं. वरंधा घाटाच्या आसपास कावळ्या किल्ला, शिवथरघळीच्या वरचे डोंगर, गोप्या घाट आहेत. ज्यांच्याबरोबर हिमालयात जायचं ठरतंय त्यांच्याबरोबरच हे करावं. गट जुळतो की नाही हे तिथे दिसतं, आणि जुळत नसेल तर पैसे भरण्याआधी दिसलेलं बरं.

चाळिशीच्या पुढच्यांनी, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी, आधी कधी छातीत दुखलेल्यांनी डॉक्टरकडून नीट तपासून घ्यावं. संयोजकाच्या फॉर्मवर नुसती सही-शिक्का आणणं म्हणजे तपासणी नव्हे. दमा असलेल्यांनी, रासायनिक कारखान्यात काम करून खोकला जडलेल्यांनी ही गोष्ट डॉक्टरला स्वतःहून सांगावी. महिलांनी लहान गटात नाव नोंदवताना आणखी कोण महिला आहेत, शौचाच्या तंबूची व्यवस्था काय, हे बिनदिक्कत विचारावं. मासिक पाळी आहे म्हणून ट्रेक टाळण्याचं वैद्यकीय कारण नाही.

सामान वाहणाऱ्या माणसांविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. भारवाहकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने नेपाळसाठी एका माणसाच्या पाठीवर जास्तीत जास्त ३० किलो अशी मर्यादा सांगितली आहे. आपल्या गटाचं ओझं किती जणांत वाटलंय, त्यांच्या पायात बूट आहेत का, रात्री ते कुठे झोपतात, हे पाहणं पैसे भरणाऱ्याचं काम आहे. उंचीचा आजार त्यांनाही होतो, आणि रोजगार बुडेल म्हणून ते आपल्याहून जास्त लपवतात. कुरणांचंही तेच. उत्तराखंड उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८मध्ये तिथल्या बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ माळांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी केली आणि माणसांची संख्या दोनशेवर बांधली. रूपकुंडाचा लोकप्रिय ट्रेक त्यामुळे थांबला. निर्णयाने ट्रेकर हळहळले, पण हंगामभर शेकड्यांनी तंबू पडले तर ते गवत उठत नाही. कासच्या पठाराची गर्दी पाहिलेल्या माणसाला हे पटावं.

खर्च लहान गटात जास्त येतो, यात लपवण्यासारखं काही नाही. माणसं कमी आणि गाइड तेवढेच, म्हणून वाटणी वाढते. पैसे वाचवायचे तर ते प्रवासात वाचवावेत: वीर स्टेशनवरून पनवेल, तिथून रेल्वेने उत्तरेला. प्रवासाचे दोन दिवस जातात, पण ट्रेकच्या आराखड्यातला विश्रांतीचा दिवस कापून स्वस्त केलेला ट्रेक मला महाग वाटतो. विम्याची कागदपत्रं वाचावीत. साध्या प्रवास विम्यात ठराविक उंचीच्या वरचं काही धरलेलं नसतं, हेलिकॉप्टरचा खर्च तर बहुधा नाहीच. महाराष्ट्र शासनाने २४ ऑगस्ट २०२१ला साहसी पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, त्यात संयोजकांची नोंदणी आणि सुरक्षेचे नियम आहेत. इथल्या संस्थेबरोबर जाणार असाल तर नोंदणी आहे का ते विचारा. ज्यांना पुढे खरं गिर्यारोहण करायचं आहे त्यांच्यासाठी दार्जिलिंगची १९५४ची आणि उत्तरकाशीची १९६५ची संस्था आहे. तिथला महिनाभराचा पायाभूत अभ्यासक्रम दहा ट्रेकपेक्षा जास्त शिकवतो.

सह्याद्रीच्या पायांनी हिमालयात काय होऊ शकतं हे आपल्या लोकांनी दाखवलेलं आहे. पुण्याचे सुरेंद्र चव्हाण १९९८ साली एव्हरेस्टवर पोचले, महाराष्ट्रातले पहिले. पुण्याच्याच ‘गिरिप्रेमी’चे आठ जण उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली १९ मे २०१२ला त्या शिखरावर उभे राहिले, आणि पुढे त्याच संस्थेने ल्होत्से, कांचनजुंगा, अन्नपूर्णा अशी शिखरं गाठली. सगळ्यांचा सराव सह्याद्रीतलाच. पण एव्हरेस्टच्या मोहिमेला दोन महिने लागतात, आणि त्यातला बराचसा काळ वर जाऊन पुन्हा खाली येण्यात, शरीराला हवा ओळखायला लावण्यात जातो. जगातले सर्वांत तयार गिर्यारोहक जी सवलत स्वतःला देतात, ती पहिल्यांदा जाणाऱ्या आपल्या मुलाबाळांना नाकारायची कशासाठी?

महाड-पोलादपूरच्या तरुणांनी हिमालयात जावं, लहान गटाने जावं, आणि यंदाच ठरवावं. मेच्या चांगल्या तुकड्या फेब्रुवारीतच भरतात, त्यामुळे दिवाळीचे फटाके संपले की चौकशीला लागा. पैसे भरण्याआधी संयोजकाला विचारा की गेल्या हंगामात तुम्ही किती जणांना शिखराआधी परत आणलंत आणि कसं. ‘एकालाही नाही’ असं कुणी अभिमानाने सांगितलं, तर दुसरा संयोजक शोधा.